शाळेचं बजेट वेबसाइटवर असतं, मग पालकांना ते फेब्रुवारीतच का कळतं?

तळ्याकाठी

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (कॅलिफोर्निया, बे एरिया, नाव मुद्दाम लिहीत नाही) यंदा चौथी-पाचवीचा संगीताचा तास आणि प्राथमिक शाळांचे ग्रंथपाल कमी करायचं ठरवलं. फेब्रुवारीतल्या बोर्ड मीटिंगला बसायला जागा नव्हती. जो उठेल तो एकच विचारत होता, हे आधी का नाही सांगितलं? सुपरिंटेंडेंटचं उत्तर: डिसेंबरच्या फर्स्ट इंटरिम रिपोर्टमध्ये सगळं दिलं होतं, वेबसाइटवर आहे.

घरी येऊन शोधलं. खरंच होतं. अजेंड्याच्या चौदाव्या मुद्द्याला जोडलेली एक अवाढव्य पीडीएफ, अर्धी पानं नुसत्या कोड-नंबरांची. त्यात पार शेवटाकडे पुढच्या दोन वर्षांचा अंदाज, आणि शेवटच्या रकान्यात राखीव निधी किमान मर्यादेच्या खाली गेलेला. म्हणजे माहिती दडवली असं म्हणता येत नाही, आणि दिली असंही म्हणवत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: इथे शाळा चालवतो तो स्कूल डिस्ट्रिक्ट. अमेरिकेत असे १३,००० च्या आसपास आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं, बजेट महापालिकेपासून वेगळं असतं. कॅलिफोर्नियात आर्थिक वर्ष जुलै ते जून. जूनमध्ये बजेट आणि त्यासोबत एलसीएपी नावाचा आराखडा मंजूर होतो: कुठले कार्यक्रम, कुणासाठी, किती पैसे. त्यावर आधी एका मीटिंगमध्ये जनसुनावणी आणि मग वेगळ्या मीटिंगमध्ये मंजुरी, असा कायदाच आहे. ३१ ऑक्टोबरपर्यंतचा हिशेब, म्हणजेच वरचा फर्स्ट इंटरिम रिपोर्ट, डिसेंबरच्या मध्यापर्यंत बोर्डापुढे येतो. आणि ज्या शिक्षकांना पुढच्या वर्षी कमी करायचंय त्यांना १५ मार्चपर्यंत नोटीस द्यावीच लागते. त्यामुळे खरा निर्णय फेब्रुवारीत होतो. जूनची सुनावणी येईपर्यंत माणसं नोटिसा घेऊन दुसरीकडे अर्ज करत असतात.

पालकांनी बोलायची खरी वेळ म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. तेव्हा आपली मंडळी भारताची तिकिटं बघत असतात. (मीही.)

तुमच्याकडे डिस्ट्रिक्ट पैशांबद्दल लोकांना कसं सांगतो? आणि नेमकं काय विचारावं?

---

रिकामटेकडा

चांगला विषय. वाचतोय.

---

हिशेबी

मी कॅलिफोर्नियातच एका दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसात आहे, त्यामुळे थोडी दुसरी बाजू.

ती पीडीएफ पालकांसाठी नसतेच. राज्याने ठरवून दिलेल्या हिशेब-कोडांच्या रचनेत ती भरावी लागते आणि तिचा खरा वाचक म्हणजे काउंटी ऑफिस ऑफ एज्युकेशन, डिस्ट्रिक्टच्या हिशेबावर देखरेख करणारं वरचं कार्यालय. रिपोर्टला तीनपैकी एक शिक्का बसतो. पॉझिटिव्ह म्हणजे चालू आणि पुढची दोन वर्षं देणी भागतील. क्वालिफाइड म्हणजे कदाचित नाही भागणार. निगेटिव्ह म्हणजे नाहीच. काहीच वाचणार नसाल तर निदान तो शिक्का बघा.

पण तुमच्या डिस्ट्रिक्टचं दुखणं डिसेंबरच्याही आधीचं असणार. इथे राज्याचा निधी पटावरच्या मुलांवर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. मूल आजारी पडून घरी राहिलं तरी त्या दिवसाची हजेरी गेली. आणि मुलं घटत असली तर निधी लगेच कोसळत नाही: चालू वर्ष, गेलं वर्ष किंवा आधीच्या तीन वर्षांची सरासरी, यातला जो आकडा मोठा असेल तो धरतात. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे घसरण दोन-तीन वर्षं बजेटमध्ये दिसत नाही. बालवाडीचे वर्ग ओस पडायला लागले तेव्हाच आमच्यासारख्यांना पुढचं दिसत असतं.

त्यात कोविडचा केंद्रीय पैसा. देशभर मिळून जवळपास १९० अब्ज डॉलर शाळांना आले. त्याचा शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२४ पर्यंत खर्ची टाकायचा होता. अनेकांनी त्यातून समुपदेशक आणि ग्रंथपाल नेमले. पैसा एकदाच येणारा आणि पगार दर महिन्याचा. तेव्हा बोर्डाला स्लाइडवर तसं लिहून दाखवलं होतं, आमच्याकडे तरी. त्या मीटिंगला सभागृहात कर्मचारी सोडून कुणी नव्हतं.

खर्चाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग पगार आणि भत्त्यांत जातो. शिक्षकांच्या पेन्शनसाठीच डिस्ट्रिक्टला पगाराच्या वर १९.१ टक्के भरावे लागतात, आणि तो दर आमच्या हातात नाही. त्यामुळे 'कागद वाचवा, ऑफिसचा खर्च कमी करा' म्हणणाऱ्यांचं ऐकून घेतो, पण त्यातून तूट भरत नाही.

---

टोचणी

हिशेबी, सगळं ठीक. पण आमच्या शेजारच्या डिस्ट्रिक्टने नवं जिम आणि सिंथेटिक ट्रॅक बांधला, आणि त्याच वर्षी शिक्षक कमी केले. लोकांनी काय समजायचं?

---

हिशेबी

बाँडचा पैसा, म्हणजे बांधकामासाठी मतदारांच्या संमतीने काढलेलं कर्ज. मतदारांनी २००० साली प्रपोझिशन ३९ मंजूर केलं, तेव्हापासून ५५ टक्के मतांनी शाळेचा बाँड पास होतो. त्यातला एक डॉलरही शिक्षकांच्या पगाराला वापरता येत नाही. हिशेबात तो फंड २१, पगार फंड ०१ मधून. त्या बाँडवर नागरिकांची देखरेख समिती नेमणं सक्तीचं आहे, किमान सात जण, आणि डिस्ट्रिक्टचे कर्मचारी किंवा कंत्राटदार तिच्यात चालत नाहीत. दर वर्षी ऑडिटही होतं. पण ही समिती शोधायला जा, जागा भरायला माणसं मिळत नाहीत. ट्रॅकच्या उद्घाटनाच्या फलकावर 'हा पैसा पगाराला चालत नाही' अशी एक ओळ टाकली असती तर निम्मी ओरड थांबली असती, हे मात्र मान्य.

---

चौथी_गल्ली

मी शिक्षिका आहे, याच राज्यात. हिशेबींच्या ऑफिसवर माझा राग नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितली जातेय.

दर डिसेंबरला आम्हाला तो लाल रकाना दाखवतात. दर सप्टेंबरला गेल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे येतात, अनऑडिटेड अ‍ॅक्च्युअल्स म्हणतात त्यांना, आणि शिल्लक अंदाजापेक्षा चांगली जास्त निघते. कारण रिकाम्या जागाही भरलेल्या धरून बजेट करतात, अनुदानाची उचल कमी धरतात. सावधगिरी समजू शकते. पण नोटिसा डिसेंबरच्या अंदाजावर निघतात आणि सप्टेंबरच्या आकड्यांची बातमी कुणी देत नाही. मी अशी नोटीस हातात घेऊन वर्गात उभी राहिले आहे. मे महिन्यात ती रद्द झाली. वर्गातली मुलं दोन महिने विचारत होती, तुम्ही पुढच्या वर्षी असणार ना.

तेव्हा पालकांनो, एकच गोष्ट मागा: गेल्या पाच वर्षांत डिसेंबरला सांगितलेली अखेरची शिल्लक आणि प्रत्यक्ष निघालेली शिल्लक शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. पाच ओळींचा तक्ता. जो डिस्ट्रिक्ट हा तक्ता स्वतःहून छापतो त्याच्या लाल रकान्यावर मी विश्वास ठेवीन.

---

हिशेबी

तक्त्याची मागणी रास्त आहे. फक्त शिल्लक जास्त निघते तेव्हा तिच्यातली बरीच रक्कम विशिष्ट कामासाठी बांधलेली असते, एवढं लक्षात ठेवा.

---

चौथी_गल्ली

आहे लक्षात. बांधलेली आणि मोकळी असे दोन रकाने करा, काही बिघडत नाही.

---

न्यूजर्सीवाला

एडिसनच्या आसपास. आमच्याकडे 'यूझर-फ्रेंडली बजेट' नावाचा प्रकार कायद्याने वेबसाइटवर टाकावा लागतो. नावावर जाऊ नका, तेही तक्तेच आहेत, पण दर मुलामागचा खर्च आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे करार त्यात असतात. लोक करारांचं पान आधी उघडतात हे सांगायला नको.

पूर्वी एप्रिलमध्ये शाळेच्या बजेटवर थेट मतदान व्हायचं. पडलं तर ते टाउनशिप कौन्सिलकडे जायचं. २०१२ पासून डिस्ट्रिक्टना निवडणूक नोव्हेंबरला हलवता आली, आणि जे हलले त्यांची करवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर बजेटवर मतच घेतलं जात नाही. सोय झाली. पण मत मागायचं असायचं तेव्हा घरोघरी पत्रकं यायची, बोर्डाचे सदस्य लायब्ररीत बसून समजावून सांगायचे. आता सुनावणीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. बोर्डाचे सदस्य बिनपगारी आहेत, तेही रात्री अकरापर्यंत बसतात बिचारे.

---

ह्यूस्टनकर

टेक्सासात उलटा तमाशा. २०१९ च्या कायद्याने शाळेच्या प्रत्येक बाँडच्या मतपत्रिकेवर 'ही मालमत्ता करातली वाढ आहे' असं ठळक वाक्य छापावं लागतं, कराचा दर वाढणार नसला तरी. आता याला लोकांना माहिती देणं म्हणायचं की घाबरवणं, तुम्हीच ठरवा.

---

बिनमताचा

एक मूलभूत शंका. मी एच-वन व्हिसावर, म्हणजे इथला नागरिक नाही. घर घेतलंय, मालमत्ता कर भरतो, दोन मुलं याच शाळांत. बोर्डाला मत देता येत नाही. मग मी बजेट वाचून काय करू?

---

तळ्याकाठी

मत देता येत नाही, बोलता येतं. ब्राउन अ‍ॅक्टनुसार (१९५३ चा आहे) बोर्डाची मीटिंग उघडी असते, नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि कुणालाही बोलायचा हक्क आहे. नागरिकत्व सोडा, नावही सांगायची सक्ती करता येत नाही. साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. आता मंगळवारच्या मीटिंगचा अजेंडा शुक्रवारी संध्याकाळी पडतो, ही त्या ७२ तासांची किमया. शनिवार-रविवारी वाचायचं.

एलसीएपीच्या पालक सल्लागार समितीलाही नागरिकत्वाची अट नाही. आमच्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची वेगळी समिती आहे, तिथे तर स्पॅनिश आणि मँडरिन बोलणाऱ्या आया आपल्यापेक्षा कितीतरी तयारीने येतात.

सॅन फ्रान्सिस्कोत मतदारांनी २०१६ मध्ये नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डासाठी मतदानाचा हक्क दिला. २०२२ मध्ये कोर्टाने ते रद्द केलं, २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने पुन्हा वैध ठरवलं. पण ते एका शहरापुरतं.

---

टोचणी

आणि डिसेंबरात तीन आठवडे मुलांना घेऊन पुण्याला जाणाऱ्यांनी संगीताच्या तासासाठी रडू नये. हजेरीवर पैसे मिळतात हे आत्ताच कळलं ना वर?

---

हिशेबी

कडू बोललात तरी मुद्दा आहे. जाण्याआधी शाळेत इंडिपेंडंट स्टडीचा करार करून जा. मुलाने दिलेला अभ्यास पुरा केला तर त्या दिवसांची हजेरी धरली जाते. बे एरियातले काही श्रीमंत डिस्ट्रिक्ट याला अपवाद. त्यांचा मालमत्ता करच राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त येतो, त्यामुळे हजेरी घटल्याने त्यांचं उत्पन्न हलत नाही. आपला डिस्ट्रिक्ट कुठल्या गटात हे एक वाक्य होमपेजवर असायला हवं. कुठेच नसतं.

---

दोघांची_आई

एक गोष्ट बोलायलाच हवी. आमच्याकडे गेल्या वर्षी पारदर्शकतेच्या उत्साहात डिस्ट्रिक्टने खर्चाचा सुंदर गोल तक्ता काढला. त्यात 'विशेष शिक्षणासाठी सर्वसाधारण निधीतून वळवलेली रक्कम' म्हणून एक मोठी लाल फोड. झालं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस तेच: या मुलांमुळे आमच्या मुलांचा बँड गेला. त्या ग्रुपवर मी होते. माझा धाकटा 'या मुलां'पैकी आहे.

आकडा खोटा नव्हता. पण त्याच्या शेजारी हे नव्हतं की १९७५ च्या कायद्यात केंद्र सरकारने या जादा खर्चासाठी देशातल्या सरासरी दर-मुलामागच्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा द्यायचं ठरवलं होतं आणि आजवर एकाही वर्षी त्याच्या जवळपास पैसे आलेले नाहीत. खड्डा तिथला आहे. शिवाय ही सेवा देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे, ऐच्छिक नाही. तक्त्याने एवढं सांगितलं नाही आणि दोष माझ्या आठ वर्षांच्या मुलावर आला.

हिशेब जरूर छापा. पण छापण्याआधी ज्यांच्यावरचा खर्च आहे त्या घरातल्या कुणाला तरी तो दाखवा.

---

चौथी_गल्ली

दोघांची_आई, हे मी आमच्या युनियनच्या बैठकीत जसंच्या तसं मांडणार आहे. आमच्याही पत्रकात तीच लाल फोड होती.

---

परभणीचे_गुरुजी

धागा आवडीने वाचला. जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक आहे, म्हणून इकडचं थोडं.

आमच्याकडे डिस्ट्रिक्टसारखं निवडून आलेलं शाळा-बोर्ड नाही. शिक्षण समिती जिल्हा परिषदेची. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, कारभार प्रशासकाकडे गेला, बजेटही त्यांनीच मांडलं. त्या काळात प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं.

गावपातळीवर मात्र कायदा तुमच्यापेक्षा मागे नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हे समितीचं काम. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडाही समितीनेच करायचा. आता प्रत्यक्ष. माझा पट ७० च्या घरात. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान. त्यात वीजबिल, खडू, फिल्टर, रंगरंगोटी, शिवाय दहा टक्के स्वच्छतेवर. तेही एकरकमी आणि वेळेवर येईल असं नाही. बऱ्याचदा वर्ष संपता संपता येतं आणि मार्चअखेर खर्च दाखवायची घाई. सादिलचं (किरकोळ खर्चाच्या अनुदानाचं) तर बोलायलाच नको. उरलेलं लोकवर्गणीतून, नाहीतर माझ्या खिशातून.

पूर्वी समितीची बैठक म्हणजे वहीवर अंगठे आणि सह्या. आधी खर्च, मग ठराव. आम्ही एक केलं. कीर्दीतल्या नोंदी दर तिमाहीला शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायच्या: किती आले, कशावर गेले, किती राहिले. खालच्या ओळीत काय मागितलं होतं आणि मिळालं नाही तेही. पहिल्या तिमाहीला कुणी बघितलं नाही. मग एका आईने विचारलं की फिल्टरची दुरुस्ती दोनदा लिहिलीय, दोनदा बिघडला का? खरंच दोनदा बिघडला होता. पण त्या दिवसापासून भिंत वाचली जाते हे गावाला कळलं. ग्रामसभेत बोअरचा विषय निघाला तेव्हा 'मिळालं नाही' ही ओळच सरपंचांपुढे ठेवली.

आणि हिशेबी, तुमचं हजेरीचं गणित आमच्या संचमान्यतेसारखं दिसतंय. आमच्याकडे ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. म्हणून तर काही ठिकाणी कागदावर मुलं फुगायची आणि ऑक्टोबर २०११ ची ती पटपडताळणी करावी लागली.

---

तळ्याकाठी

गुरुजी, 'मागितलं होतं आणि मिळालं नाही' ही ओळ आमच्या एकाही अहवालात नसते. मंजूर झालेलं तेवढं दिसतं. कुठला प्रस्ताव कुणी आधीच खोडला, त्याचा पत्ताच नाही.

---

अर्थात

गुरुजींच्या भिंतीवरून युगांडा आठवलं. १९९० च्या दशकात तिथे सरकारने शाळांना पाठवलेलं दर-मुलामागचं अनुदान कुठवर पोचतं याचा माग काढला गेला. १९९१ ते ९५ मध्ये सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होतं, बाकी जिल्हा कचेरीत विरत होतं. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पाठवलं ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. २००१ पर्यंत ते प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं. हे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गांत सतत येतं.

---

टोचणी

आणि त्याच काळात तिथे बाकीच्याही सुधारणा झाल्या होत्या, हेही वर्गात सांगतात का? नुसतं छापून चोर सुधारत असते तर आपल्याकडे माहिती अधिकाराच्या कलम ४ नंतर (सरकारी कचेऱ्यांनी स्वतःहून माहिती जाहीर करायची, ते कलम) रामराज्य आलं असतं.

---

अर्थात

सांगतात, श्रेय किती कुणाचं यावर वाद आहेच. पण दोन गोष्टी बघा. आकडा एकच होता: तुमच्या शाळेला इतके शिलिंग निघाले. आणि तो शाळेच्या दारात होता, मुख्याध्यापकाला कचेरीत जाऊन 'माझे बाकीचे कुठे' विचारता येईल असा. कलम ४ खाली आपण जे टाकतो ते नस्तींच्या याद्यांच्या पीडीएफ.

---

रिकामटेकडा

कॅलिफोर्नियाचा डिस्ट्रिक्ट चोर नाही, परभणीचा मुख्याध्यापकही नाही. दोन्हीकडे अडचण वेगळीच दिसतेय. परवानगी देताना लोक लागत नाहीत, पैसे संपल्यावर लागतात.

---

न्यूजर्सीवाला

+१. आणि मुलं मोठी झालेल्या माझ्यासारख्यांना कुणीच काही कळवत नाही. शाळेचा ईमेल पालकांना जातो. माझी धाकटी कॉलेजात गेल्या दिवशी माझं नाव यादीतून गेलं, कर मात्र तेवढाच भरतोय. शेजारचे आजोबा बाँडला 'नाही' म्हणतात त्यामागे विरोध कमी आणि हे जास्त आहे.

---

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. मी आणि पीटीएतल्या (पालक-शिक्षक संघातल्या) दोघी मिळून येत्या डिसेंबरसाठी एक पान करतोय. फर्स्ट इंटरिम पडल्यावर दोन दिवसांत काढायचं, इंग्रजी, स्पॅनिश, मँडरिनमध्ये. राज्याच्या नियमाने एखादी भाषा शाळेतल्या १५ टक्के मुलांची असेल तरच पत्रकं त्या भाषेत करावी लागतात. मराठी कधीच तिथवर पोचणार नाही, तेव्हा मराठी पान मी इथेच टाकीन.

पानावर: शिक्का कुठला. तीन वर्षांची अखेरची शिल्लक. चौथी_गल्लींचा पाच ओळींचा तक्ता. एकदाच येणाऱ्या पैशांवर किती पदं उभी आहेत. गुरुजींची 'मागितलं, मिळालं नाही'ची ओळ, ती डिस्ट्रिक्टकडून काढायला सार्वजनिक नोंदींचा अर्ज टाकावा लागेल असं दिसतंय. विशेष शिक्षणाचा आकडा घेतला तर तो दोघांची_आई यांनी लिहिलेल्या वाक्यासकट. छापायच्या आधी त्यांना पाठवते.

---

दोघांची_आई

पाठवा. रात्री दहानंतर बघते.

---

हिशेबी

मलाही पाठवा, आकडे तपासून देईन, नाव नको. आणि पानावर किमान राखीव निधी ३ टक्के लिहिणार असाल तर आधी तुमच्या डिस्ट्रिक्टची हजेरी बघा. ३०,००० च्या वर असेल तर तो २ टक्के असतो, आणि ही चूक राहिली तर बाकीचं पान कुणी वाचणार नाही.